एकाच पायाचे बूट

बरेच दिवसांनी लिहायला बसलेय. दोघा-तिघांनी मेल करून "ब्लॉग बंद केलास की काय?" असं विचारलं. नाही केला. डोक्यातला राग जरा निवला की लिहू, असं म्हणत होते. दोन महिने झाले, तो काही निवत नाही. तेव्हा आता लिहूनच टाकते. नातेवाईक मंडळींपैकी जे इथे डोकावतात त्यांना पुढच्या परिच्छेदातच कळेल की हे कुणाबद्दल आहे. त्याला इलाज नाही.

तर झालं असं. काकांची पंच्याहत्तरी होती. चिंचवडला हॉल घेतला होता. जेवणाची पानं मांडायला वेळ होता म्हणून भाषणं सुरू झाली. दादाने (माझा चुलतभाऊ, एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये वरच्या हुद्द्यावर आहे) माइक घेतला. काकांच्या कष्टांवरून गाडी शिस्तीवर आली, आणि शिस्तीवरून अर्थातच जपानवर. मग ती गोष्ट आली. तुम्ही ती ऐकलेली असणार. आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेत दर वर्षी निदान तीन मुलं ती सांगायची. जपानमधल्या एका बुटांच्या कारखान्यात कामगारांचं मालकाशी बिनसलं. संप करायचा ठरला. पण काम बंद पाडून देशाचं नुकसान कसं करायचं? मग त्यांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि फक्त डाव्या पायाचे बूट बनवायला घेतले. मालकाला ते विकता येईनात. शेवटी तडजोड झाली आणि दुसऱ्या दिवसापासून कामगारांनी जादा थांबून उजव्या पायाचे बूट पुरे करून दिले. देशाचं नुकसान शून्य!

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बाबा बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि हळूच म्हणाले, "जपानी माणूसच वेगळा. आपल्याला नाही जमायचं ते."

माझं डोकं फिरलं ते इथे. दादाच्या भाषणाने एकवेळ फिरलं नसतं. भाषणं ऐकायची सवय आहे. पण बाबांनी मान का डोलवावी?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा पुणे-मुंबई रस्त्यावरच्या एका कारखान्यात मशीन शॉपला होते. कारखान्याचं नाव घेत नाही. ऐंशीच्या दशकात तिथे ५१ दिवस संप झाला. मी तेव्हा लहान होते, पण आईने दूध अर्ध्या लिटरवर आणलं होतं हे आठवतं आणि वाण्याच्या दुकानात मलाच पाठवायचे हेही आठवतं, कारण लहान मुलीला उधारीसाठी कोणी बोलत नाही. संप फुटला. परत घेताना गेटवर एकेकाकडून चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड लिहून घेतला. आत गेल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी कोणती गोष्ट सांगितली असेल? बरोबर. तीच. बुटांची. बाबांनी ती घरी येऊन आम्हाला सांगितली, आणि मग आयुष्यभर सांगत राहिले. पुढे मी वक्तृत्व स्पर्धेत ती ठोकून दिली आणि तिसरा नंबर आणला. म्हणजे या पापात माझाही वाटा आहे.

तर गेले दोन महिने मी जपानच्या युद्धानंतरच्या भरभराटीवर मिळेल ते वाचत बसले आहे. दादा, हे आता तुझ्यासाठी. शांतपणे वाच.

पहिली गोष्ट, तो बुटांचा कारखाना कुठला? कुठल्या गावात, कुठल्या साली? मालकाचं नाव काय? शंभर ठिकाणी ही गोष्ट सांगितली जाते आणि शंभरातल्या एकाही ठिकाणी यातलं काही नसतं. जरा व्यवहारानेही बघ की. मालकाच्या गोदामात डाव्या पायाचे हजार जोड... म्हणजे हजार नग पडले. चामडं त्याचंच, वीज त्याचीच, पगार चालू. उद्या तडजोड झाली की उजवे बनवून घ्यायचे. मालकाचं बिघडलं काय? हा संप एखाद्या मालकानेच लिहिला असावा इतका तो सोयीचा आहे.

फितींपुरतं मात्र खरं आहे, ते प्रामाणिकपणे सांगते. जपानी कामगार छातीवर रिबिनी, दंडावर फिती, कपाळाला पट्टे लावून काम करत आणि मागण्या मांडत. पण ती झाली लढाईची पहिली पायरी. त्याच्या पुढच्या पायऱ्या आपल्याला कुणी सांगितल्याच नाहीत.

त्या ऐक. १ फेब्रुवारी १९४७ ला देशभर सार्वत्रिक संप होणार होता. आदल्या दिवशी मॅकआर्थरने हुकूम काढून तो थांबवला, तेव्हा कुठे टळला. १९४८ मध्ये तोहो या सिनेमा कंपनीचा संप मोडायला जपानी पोलिसांच्या मागे अमेरिकन सैन्याचे रणगाडे आले आणि डोक्यावर विमानं फिरली. (हो, कुरोसावाचे सिनेमे काढणारी तीच तोहो!) १९५३ साली निस्सानमध्ये महिनोन् महिने चाललेला झगडा, टाळेबंदी, युनियनच्या पुढाऱ्यांना अटक आणि शेवटी कंपनीला सोयीची दुसरी युनियन. १९५४ साली ओमी केन्शी या रेशीम-कापडाच्या गिरणीत पोरींनी संप केला. मागण्या काय होत्या माहीत आहे? आमची पत्रं उघडून वाचू नका. आम्हाला लग्न करायची मोकळीक द्या. तुमच्या पंथाची प्रार्थना आमच्यावर लादू नका. वसतिगृहात कोंडलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुली होत्या त्या. शंभराहून जास्त दिवस लढल्या आणि जिंकल्या. जपानी शिस्त म्हणतात ती हीच असेल तर मला ती मान्य आहे.

आणि मिइके. क्यूशू बेटावरची मित्सुईची कोळशाची खाण. १९५९ च्या अखेरीस कंपनीने बाराशेच्या वर माणसांना काढायचं ठरवलं, आणि त्यात युनियनची कार्यकर्ती माणसं वेचून घातली होती. जानेवारी १९६० मध्ये टाळेबंदी झाली. संप संपायला नोव्हेंबर उजाडला. मधे भाडोत्री गुंडांनी एका संपकऱ्याला भोसकून मारलं. कामगार हरले. तीन वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९६३ ला, त्याच खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला आणि ४५८ माणसं मेली. डाव्या पायाचे बूट!

आता तू म्हणशील की ठीक आहे, संपबिंप झाले असतील, पण देश उभा राहिला ना? राहिला. तो आकडा कुणी नाकारत नाही. १९५० मध्ये जपान सुमारे ४८ लाख टन पोलाद बनवत होता, १९७३ मध्ये जवळजवळ १२ कोटी टन. जहाजं बांधण्यात १९५६ सालीच ब्रिटनला मागे टाकलं. १९५५ ते १९७३ अशी जवळजवळ वीस वर्षं अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वाढत होती. पंतप्रधान ईकेदा हायातो यांनी १९६० मध्ये दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट करायची योजना आणली, ते सातेक वर्षांतच झालं. १९६८ ला पश्चिम जर्मनीच्या पुढे गेले. हे सगळं मला पाठ आहे, तुझ्या स्लाइडमध्येही असेल. प्रश्न आहे तो हे कशामुळे झालं याचा. तुझं उत्तर आहे, जपानी माणसाच्या रक्तातली शिस्त आणि देशप्रेम. मग ते रक्त १९४९ साली कुठे गेलं होतं?

कारण १९४९ मध्ये जपानचं काय चाललं होतं बघ. महागाई आवरायला अमेरिकेने डॉज नावाचा बँकर पाठवला होता. त्याने सरकारी खर्चाला कात्री लावली आणि डॉलरला ३६० येन हा भाव बांधून दिला. महागाई थांबली, पण कारखाने गटांगळ्या खाऊ लागले. तुझी लाडकी टोयोटा तेव्हा बुडत होती. अक्षरशः. बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेने मध्ये पडून बँकांचा गट जमवला म्हणून ती जगली. संस्थापक तोयोदा किइचिरो यांनी नोकरकपात करणार नाही असा शब्द दिला होता. १९५० च्या एप्रिलमध्ये तो मोडावा लागला. सोळाशे जणांना कमी करायचं ठरलं आणि संप झाला, टोयोटात! जूनच्या सुरुवातीला किइचिरोंनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. (कपात करायची तर आधी मालकाने खुर्ची सोडायची, हा भाग आपल्याकडच्या ट्रेनिंगमधून बरोब्बर गळालेला आहे.)

आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २५ जून १९५० ला, कोरियात युद्ध पेटलं. अमेरिकन सैन्याला ट्रक हवे होते, ताबडतोब आणि जवळपास. टोयोटाला काही हजार ट्रकांची ऑर्डर मिळाली. १९५३ च्या अखेरीपर्यंत अशा युद्धखरेदीतून जपानात दोन अब्ज डॉलरहून जास्त पैसा आला. शेजारचा देश जळत होता आणि त्याच्या उबेने जपानी कारखान्यांची हाडं गरम झाली. पंतप्रधान योशिदा त्याला देवाची देणगी म्हणाले होते, असं इतिहासकार लिहितात. मी हे जपानला दोष द्यायला सांगत नाहीये. पण टोयोटाच्या कामगाराच्या रक्तात मे महिन्यात शिस्त नव्हती आणि जुलैमध्ये आली, असं तर तुझंही म्हणणं नसेल!

दुसरं, ही माणसं शून्यातून उठली हेही तितकंसं खरं नाही. शहरं बेचिराख झाली होती, माणसं उपाशी होती, ते खरंच. पण इंजिनिअर जिवंत होते. हा देश युद्धाआधीच यामातोसारखी अजस्र युद्धनौका आणि झीरोसारखं लढाऊ विमान बनवत होता. युद्धानंतर विमानं बनवायला बंदी आली, तेव्हा हीच डोकी गाड्यांकडे आणि रेल्वेकडे वळली. सुबारू मोटारीचा वंश नाकाजिमा विमान कारखान्यात निघतो. बुलेट ट्रेनचं तर फारच मजेशीर आहे. झीरो विमानाची थरथर कशी थांबवावी यावर काम केलेले मात्सुदायरा तादाशी, त्यांनीच पुढे आगगाडीच्या चाकांची थरथर काबूत आणली. आत्मघातकी ओका विमानाचा आराखडा काढणारे मिकी तादानाओ यांनी शिन्कान्सेनच्या नाकाचा आकार ठरवायला मदत केली. आणि पैसे? १९६१ मध्ये त्या रेल्वेसाठी जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलर कर्ज काढलं होतं. तेव्हा जपान आपल्यासारखाच कर्जदाराच्या रांगेत उभा होता. ती सगळी जुनी कर्जं फिटायला १९९० साल उजाडलं. पुढच्या वेळी कुणी "जपानने कुणापुढे हात पसरला नाही" असं म्हणालं तर हे सांग.

सरकारबद्दल लिहायचं तर एक वेगळी पोस्ट होईल. थोडक्यात, १९४९ मध्ये स्थापन झालेल्या व्यापार-उद्योग मंत्रालयाच्या हातात परकीय चलनाची किल्ली होती. कुणी कुठलं तंत्रज्ञान आणायचं, किती डॉलर वापरायचे, सगळ्याला परवानगी. मोटारींची आयात १९६५ पर्यंत खुली केली नव्हती. आपल्या लायसन्स राजला शिव्या घालणारे लोक जपानचं कौतुक करताना हे विसरतात. अर्थात ते बाबूही काही देवमाणसं नव्हते. पुढे सोनी झालेल्या त्या छोट्या कंपनीला ट्रान्झिस्टरच्या परवान्यासाठी २५ हजार डॉलर हवे होते, तर मंत्रालयाने बराच काळ ताटकळत ठेवलं. होंडाने मोटारी बनवू नयेत म्हणूनही त्यांनी जंग जंग पछाडलं. होंडाने ऐकलं नाही आणि १९६३ मध्ये मोटार आणलीच. म्हणजे साहेबांचं न ऐकल्यामुळेही जपान मोठा झाला, हे एचआरच्या स्लाइडमध्ये घाल एकदा.

शिवाय जमीन. १९४६ च्या कायद्याने जमीनदारांच्या जमिनी काढून कुळांना दिल्या. जवळजवळ निम्मी शेतजमीन कुळं कसत होती, ती काही वर्षांत दहा टक्क्यांवर आली. खेड्यातल्या माणसाच्या हातात पैसा आला, म्हणून तर वॉशिंग मशीन, फ्रिज आणि टीव्ही खपले. सगळे समजतात की जपान निर्यातीवर मोठा झाला. त्या काळात निर्यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होती. बाकी सारं घरचंच गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा यायचा तो पगारवाढीतून. ती पगारवाढ दर वसंतात सगळ्या युनियन एकत्र येऊन मागायच्या, १९५५ पासून. त्यासाठी लहानमोठे संपही व्हायचे. दर वर्षी. ठरल्यासारखे, आपल्या पालखीसारखे.

आता मूळ मुद्द्यावर येते. इतका वेळ जे लिहिलं ते नमनाला घडाभर तेल समजा.

बाबांच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात काईझेन आलं. क्वालिटी सर्कल आलं, फाइव्ह एसचे पिवळे पट्टे जमिनीवर आखले गेले, भिंतीवर "शून्य दोष" असे बोर्ड लागले. बाबांना ते मनापासून आवडलं, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. त्यांना नीटनेटकेपणाची हौस होतीच. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारत होतं. त्यांनी एक जिग सुचवला. जॉब दोनदा फिरवून लावायला लागायचा तो एकदाच लावून भागायला लागलं. त्याबद्दल त्यांना सर्टिफिकेट आणि एक कॅसरोलचा सेट मिळाला. तो सेट अजून आमच्याकडे आहे, सणावाराला निघतो.

त्या जिगमुळे पाळीला दोन माणसं कमी लागू लागली. ती दोन माणसं आधी स्टोअरला गेली, मग पॅकिंगला, आणि व्हीआरएसची पहिली यादी लागली तेव्हा दोघंही यादीत होती. त्यातले एक आमच्याच चाळीत राहायचे. बाबा त्यानंतर वर्षभर त्यांच्या दारावरून न जाता मागच्या जिन्याने यायचे. दुसऱ्या यादीत बाबा स्वतः होते.

तेव्हा दादा, काईझेनचं मूळ बघू. १९५५ मध्ये जपानमध्ये उत्पादकता केंद्र स्थापन झालं. कारखानदारांना उत्पादकता वाढवायची होती आणि युनियनना भीती होती की यात माणसं जातील. तिथे तीन तत्त्वं ठरली. एक, उत्पादकता वाढल्यामुळे जी माणसं जास्त होतील त्यांना काढायचं नाही, शक्यतो दुसऱ्या कामावर घ्यायचं. दोन, पद्धत बदलायची तर कामगारांशी बोलून. तीन, होणारा फायदा मालक, कामगार आणि गिऱ्हाईक यांच्यात वाटायचा. क्वालिटी सर्कल सुरू झाली ती १९६२ मध्ये, म्हणजे हा सौदा झाल्यानंतर सात वर्षांनी. टोयोटातही तेच. १९५० चा झटका खाल्ल्यावर, १९६२ मध्ये कंपनीने आणि युनियनने मिळून परस्पर विश्वासाचं जाहीरनामापत्र काढलं. मोठ्या कंपन्यांतली आयुष्यभराची नोकरी काही जपानी संस्कृतीच्या झाडाला लागलेलं फळ नव्हे. निस्सान, टोयोटा, मिइके इथे डोकी फुटल्यावर दोन्ही बाजूंनी मोजलेली ती किंमत आहे. कामगारांनी लढाऊ युनियन गमावली. कंपनीने काढून टाकायचा अधिकार बाजूला ठेवला. आपली नोकरी जाणार नाही याची खात्री असलेला माणूसच दोन माणसांचं काम वाचवणारा जिग सुचवतो. त्याला त्यात धोका नसतो.

आपण काय आणलं? पिवळे पट्टे आणले, बोर्ड आणले, सर्कल आणलं, जपानी शब्द आणले. करार तेवढा जहाजातून उतरवायचा राहिला. आणि त्या कराराच्या जागी ठेवली ती बुटांची गोष्ट.

बोर्डांचं तर हसू येतं. ज्या डेमिंगसाहेबांच्या नावाने जपानमध्ये १९५१ पासून पारितोषिक देतात, ज्यांनी १९५० मध्ये तिथे जाऊन संख्याशास्त्राने दर्जा कसा राखावा हे शिकवलं, ते आयुष्यभर हेच सांगत राहिले की बहुतेक दोष यंत्रणेचे असतात, ती बदलणं व्यवस्थापनाच्या हातात आहे, आणि कामगारांसमोर "शून्य दोष" छाप घोषणा लावणं बंद करा. बाबांच्या मशीनवर नेमका तोच बोर्ड होता. मशीनचं बेअरिंग गेलेलं होतं ते मात्र चार महिने बदललं नव्हतं. (बाबा म्हणतात सहा महिने. आई म्हणते हे तू लिहू नकोस.)

आता कुणी म्हणेल की ही बाई जपानी करारावरच लट्टू झाली. तसं नाही. तो करार सगळ्यांसाठी नव्हताच. मोठ्या कंपनीतल्या कायम पुरुष कामगारांना तो लागू. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमधली माणसं, हंगामी कामगार, बायका, या सगळ्या बाहेर. आओमोरीसारख्या उत्तरेकडच्या प्रांतांतून शाळा संपवलेली पंधरा वर्षांची मुलं-मुली खास गाड्या भरून टोकियोच्या उएनो स्टेशनवर उतरवत. त्यांना "सोन्याची अंडी" म्हणायचे. नाव गोड आहे, पण अंडं कोण खाणार ते ठरलेलं. बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची असा बऱ्याच कंपन्यांचा नियम होता. एका सिमेंट कंपनीतली बाई कोर्टात गेली तेव्हा १९६६ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने तो बेकायदा ठरवला.

आणि मिनामाता. हे वाचताना मला दोन-तीनदा पुस्तक मिटावं लागलं. चिस्सो नावाच्या खत आणि रसायनांच्या कंपनीने मिनामाताच्या खाडीत पारा सोडला. मासे खाऊन आधी मांजरं वेड्यासारखी नाचत मेली, मग माणसं. १ मे १९५६ ला या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच दवाखान्यातले डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाऊ घालून सिद्ध केलं की कारण हेच आहे. कंपनीने ते दाबलं. त्याच वर्षाच्या अखेरीस गरीब कोळ्यांकडून करार लिहून घेतला की मेलेल्या माणसामागे तीन लाख येन सांत्वनाचे घ्या, आणि पुढे आमचा दोष निघाला तरी जास्त काही मागायचं नाही. सरकारने कारण मान्य केलं सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. ती प्रक्रिया कारखान्याने मे महिन्यातच बंद केली होती, कारण ती जुनी झाली होती! जपान जगात दुसरा आला तेच हे १९६८ साल.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिस्सोच्या जुन्या युनियनने एक ठराव केला. आपण इतकी वर्षं स्वतःच्या पगारासाठी लढलो, पण मिनामाताच्या रुग्णांसाठी काही केलं नाही, याची आम्हाला लाज वाटते, असा. कामगारांनी स्वतःहून जाहीर मांडलेली लाज. शाळेत मुलांना जपानी कामगाराची गोष्ट सांगायचीच असेल तर ही सांगा की! गाव आहे, साल आहे, सगळं आहे.

एक आठवण जाता जाता. आईचं माहेर डिचोलीकडचं. आजीच्या घरी खिडकीच्या चौकटीवर लाल धूळ बसलेली असायची, कितीही पुसा. पन्नासच्या दशकात, गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हापासून, तिथलं लोखंडाचं खनिज बार्जमधून मुरगाव बंदरात आणि तिथून जहाजाने जपानला जायचं. खाणीची यंत्रं जपान्यांनीच उधारीवर द्यायची आणि फेड खनिजातून करायची. त्या १२ कोटी टन पोलादात आजीच्या ओट्यावरची थोडी धूळ नक्की आहे. "जपानमध्ये कच्चा माल नाही, तरी बघा!" असं दादा म्हणाला तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं होतं. ती बोलली काही नाही.

असो. दादाला फोन केला होता. तो म्हणाला, "अगं, गोष्ट खरी आहे की नाही याला महत्त्व नाही, त्यातून प्रेरणा मिळते ना?" कुणाला मिळते रे? ज्याला ती ऐकून घ्यावी लागते त्याला मी पस्तीसेक वर्षं बघतेय. मी चिडले, त्यानेही ऐकवलं, मग दोघांनीही काकांच्या शुगरवर बोलून फोन ठेवला.

बाबांना मात्र मी गेल्या रविवारी मिइकेबद्दल सगळं वाचून दाखवलं. चष्मा काढून ऐकत होते. मधे काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "जानेवारी ते नोव्हेंबर? मग घरं कशी चालायची त्यांची?"

मी सांगितलं की देशभरातल्या बाकीच्या खाणींतले आणि दुसऱ्या युनियनचे कामगार आपल्या पगारातून पैसे काढून पाठवायचे.

"आम्हालाही यायचे," बाबा म्हणाले. "बाजूच्या कारखान्यातली पोरं पगाराच्या दिवशी गेटवर डबा घेऊन उभी राहायची. कडधान्यसुद्धा द्यायचे. तुझ्या आईला विचार, दोन महिने घरात मटकीच होती."

आईने आतून ओरडून सांगितलं, मटकी नव्हे, हुलगे.